मागच्या खोलीसाठी गरम हवा

नाही जी, ही नाही, ही आमची झोपायची खोली — इथं आहे ना एसी, सात वर्षाचा झाला, नुसता थंड करते, तो राहू द्या तसाच. मशीन मागच्या खोलीत लावायचं आहे. या असे, हॉलमधून. आणि तुम्ही मराठीत बोला ना, कार्डावर गौतम वासनिक लिहिलं आहे, म्हणजे भंडारा-गोंदियाकडचेच असाल — समजते, पण बोलता येत नाही? आमच्या मुलीचं, स्वरदाचंही तेच आहे, मी मराठीत विचारते, पोट्टी हिंदीत सांगते. चालू द्या तसंच. हं, ही पाहा खोली. लहानच आहे, दहा बाय अकरा. बिल्डरनं नकाशात स्टोर दाखवली होती, पण खिडकी आहे म्हणून आम्ही बाबांले दिली — बाबा म्हणजे माझे सासरे, यशवंतराव, एक्याऐंशी चालू आहे त्यायले. रेल्वेत स्टेशन मास्तर होते. आता नाहीत घरी, खाली गेले उन्हात बसायले, आमचा वॉचमन आहे ना तुळशीराम, त्याच्याजवळ बसतात चार वाजेपर्यंत. तोपर्यंत तुमचं मोजमाप झालं पाहिजे. त्यायच्यासमोर नको.

काहून नको म्हणजे — तसंच. त्यायले विचारलं तर नकोच म्हणतील. त्यायले आजकाल काहीही विचारा, नको म्हणतात. चहा घेता का बाबा, नको. शाल देऊ का, नको. तुम्ही मोजा. काल मी तुमच्या पंडरी बाजारातल्या दुकानात गेली होती तर काउंटरवरचे भैया हसले मले. म्हणे दीदी, रायपूर में हीटिंग का क्या काम, पंधरा दिन की तो ठंड है, सिर्फ कूलिंग वाला ले लो. बरोबरच आहे त्यायचं. आपल्या इथं मे महिन्यात माणूस भाजून निघते, थंडीचं कोण विचारते. उन्हाळ्यात आम्ही चौघंही त्या एका एसीच्या खोलीत गाद्या टाकून झोपतो, बाबा दाराजवळ, स्वरदा भिंतीकडे, आणि सकाळी उठून सगळ्यांच्या गाद्या मी गुंडाळते. पण मले थंड नाही पाहिजे भैया. थंड देते तर देऊ द्या, मे महिन्यात कामी येईल. मले गरम पाहिजे. पेपरमध्ये अकरा डिग्री छापून येते, लोक म्हणतात अकरा म्हणजे काय थंडी झाली का — म्हाताऱ्या माणसाले थंडी पेपर वाचून नाही लागत. ही भिंत उत्तरेची आहे, हात लावून पाहा. दिवसभर हिच्यावर ऊन नाही येत. खिडकी ही एकच, आणि तिच्यात कूलर बसवलेला. हो, उन्हाळ्यात लावला तो तसाच आहे, दरवर्षी काढतो म्हणतो आणि काढत नाही, दिवाळीनंतर वरून प्लॅस्टिक बांधून टाकतो. म्हणजे खिडकी उघडतच नाही. ते — ते आधी काढायचं आहे. मशीन लागो न लागो, कूलर आजच काढून खाली ठेवायले सांगणार आहे मी.

एक टन पुरते म्हणता? काल ते दीड टन म्हणत होते. बरं, तुम्ही खोली पाहिली, त्यायनं पाहिली नाही, तुमचं ऐकते मी. मले एवढंच समजावून सांगा की हे गरम कसं करते. हीटर मले माहीत आहे, तार लाल होते. ह्याच्यात तार नाही? — मग? — बाहेरच्या हवेतून गरमी काढून आत आणते. बाहेरच्या हवेत गरमी असते कुठं थंडीत. — असं. अकरा डिग्रीच्या हवेतही असते, आपल्याले लागत नाही म्हणून आपण तिले थंड म्हणतो. फ्रिजच्या मागे हात लावला की गरम लागते, तसंच, नुसतं उलट्या बाजूनं. बरं, बरं, समजलं. आणि बाहेर जितकी कमी थंडी तितकं मशीनले सोपं, म्हणजे शिमल्यापेक्षा आपल्या रायपूरमध्येच जास्त चांगलं चालणार. हे तुमच्या काउंटरवरच्या भैयाले सांगा ना तुम्ही. दोन हजार वॅटचा हीटर जेवढं गरम करते तेवढं हे सहाशे-सातशे वॅटमध्ये करते — ठीक आहे, तो विषय मिस्टरांजवळ बोला, त्यायले आवडतात आकडे, मंत्रालयात आहेत, नवा रायपूरले, सकाळी स्टाफ बसनं जातात ते सातलेच येतात. मले दुसरं विचारायचं आहे. धूर नाही ना होत? — विजेचं आहे ते दिसून राहिलं मले, तरी विचारते. आत काही जळत नाही ना? खोलीतली हवा खराब नाही होत? समजा दार बंद आहे, खिडकी बंद आहे, आणि आत माणूस दोन तास आहे. त्या माणसाले काही नाही होणार? बिलकुल काही नाही? तुम्ही तसं कागदावर लिहून द्याल का — म्हणजे कंपनीचा कागद असते ना काही, तो द्या, माझ्या नणंदेले दाखवायचा आहे.

नणंद येऊन राहिली ना रविवारी, गोंदियावरून. विमलाताई. बाबांले घेऊन जायले. चार दिवसासाठी नाही, कायमचं. त्यायचं घर वरच्या मजल्यावर आहे, दोनच खोल्या, जिना इतका उभा की मले चढतानाच दम लागते. आणि मुलीच्या घरी राहायचं — तुम्ही आजकालचे, तुम्हाले काही वाटणार नाही, पण बाबा तसल्या जुन्या वळणाचे आहेत की मुलीकडे गेले तर दोन दिवसाच्यावर थांबले नाहीत कधी. आता म्हणतात, जातो. तुम्ही म्हणाल तिथं जातो. हे असं बोलणं त्यायच्या तोंडून मी अठ्ठावीस वर्षात ऐकलं नाही. म्हणून हे मशीन. विमलाताईनं येऊन पाहावं की खोली गरम आहे, आग नाही, धूर नाही, काळजी नाही, आणि म्हणावं की राहू द्या मग इथंच. एवढ्यासाठी चाललं आहे सगळं. शनिवारपर्यंत बसवून द्याल ना? शनिवारच्या पुढे मले उपयोग नाही.

आणि रिमोटचं लॉक असते ना, लहान पोरांसाठी? तेवढं करून द्या. बाबांच्या हाती रिमोट द्यायचा नाही. — नाही, डोळे चांगले आहेत, हातही थरथरत नाहीत. विसरतात. तेच तर आहे सगळं. डिसेंबरात एक दिवस त्यायनं गोरसी खोलीत घेतली — गोरसी पाहिली असेल ना तुम्ही, मातीची, गोवऱ्यांची, छेन्याची आग टाकतात आत, शेकायले. तुळशीरामची बायको कलावती रोज खालून पेटवून आणून द्यायची, बाबा हॉलच्या बाल्कनीत घेऊन बसायचे, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये असल्यापासूनची सवय. तर त्या दिवशी खोलीत घेतली आणि दार आतून लावून बसले. विसरले. त्या आगीचा गॅस होते ना, दिसत नाही, त्याचा वास येत नाही. बेशुद्ध पडले. ते तर मी वेळेवर पाहिलं म्हणून. तीन दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. तेव्हापासून त्यायच्याजवळ माचिस नाही ठेवत आम्ही, गॅसच्या शेगडीकडे जाऊ देत नाही, घराची चावी काढून घेतली. वयाचं आहे, होते असं, किती काळजी घ्यायची माणसानं, दार लावून घेतलं आतून तर बाहेरच्यानं काय करायचं —

काय पाहून राहिले तुम्ही? दाराले काय आहे.

हो. नाही आहे. आतून कडी नाही. बाहेरूनच आहे, स्टोर होती ना, मी सांगितलं ना तुम्हाले, स्टोरले आतून कडी कोण लावते. लावून बसले असं म्हटलं का मी? लोटून बसले म्हणायचं होतं मले. लोटून. — तुम्ही मोजा ना भैया, टेप हातात घेऊन काहून थांबले. साडेचार वर्ष झाले आम्हाले या घरात येऊन. चार माणसं राहतात इथं. त्या गोष्टीले दीड महिना झाला, किती लोक येऊन गेले पाहायले, सगळ्यांले मी हेच सांगितलं, आतून लावलं, आतून लावलं, आणि एकाही माणसानं या दाराकडे पाहिलं नाही. तुम्ही दहा मिनिटं झाले येऊन.

बसते जरा. तुम्ही उभे राहा, नाही तर तुम्हीही बसा, त्या खुर्चीवरचे पेपर खाली ठेवा. मी ओढून घेतलं होतं दार. मी. त्या रविवारी स्वरदाले पाहायले येणार होते, बिलासपूरचे लोक, चांगलं घर, मुलगा चांगला, आणि तुम्ही हॉल पाहिला ना आमचा, दिवाळीलेच रंग दिला होता, वर ते सीलिंग करून घेतलं, त्यात छोटे छोटे लाइट. बाल्कनी हॉललेच लागून आहे. आता पाहुणे सोफ्यावर बसणार आणि त्यायच्या समोर बाबा, माकडटोपी, खांद्यावर घोंगडं, पायाशी गोरसी, आणि छेन्याचा धूर सगळा हॉलमध्ये. मले लाज वाटली. असंच आहे, सांगून टाकते, मले लाज वाटली त्यायची. ज्या माणसानं मी लग्न होऊन आली तेव्हा मले बी.एड.ले बसवलं, घरात सगळे नाही म्हणत असताना स्वतः फॉर्म आणून दिला, त्या माणसाची. मी म्हटलं, बाबा, आजच्या दिवस तुम्ही आत बसाल का. ते म्हणाले, बसतो ना, मले काय, पण त्या खोलीत थंडी वाजते. मी म्हटलं, गोरसी आतच नेऊन देते. म्हणजे गोरसी त्यायनं नाही नेली. मीच नेली, दोन फडक्यांनी धरून. नेऊन पलंगाजवळ ठेवली आणि दार ओढलं. आणि खाली फटीले जुनी चादर लावली, धूर हॉलमध्ये येऊ नये म्हणून.

इतकंच असतं तर मी विमलाताईले सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं. चूक होते माणसाच्या हातून, मले काय माहीत होतं गॅसचं, मी शाळेत हिंदी शिकवते, मले नाही माहीत. पण ते दार राहत नाही लोटलेलं. तुम्ही पाहा, सोडून पाहा — पाहिलं? बाल्कनी उघडी असली की हवेनं आपोआप उघडते. दोनदा ओढलं, दोनदा उघडलं, आणि खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. तर मी कडी लावली. बाहेरून.

मनात असं होतं की पाहुणे बसले, चहा झाला की हळूच काढून टाकू. चहा झाला, पोहे झाले, मुलगा आणि स्वरदा बाल्कनीत जाऊन बोलून राहिले होते. मुलाची आई मले विचारत होती, लग्न रायपूरले कराल की नागपूरले, म्हणजे गोष्ट जमूनच आली होती. आणि ठक ठक असा आवाज आला. जोरानं नाही. दोनदा, मग थांबून दोनदा. त्या म्हणाल्या, काय आहे हो. आणि मी — वरच्या मजल्यावर फिटिंगचं काम चालू आहे, म्हटलं. एका सेकंदात म्हटलं. मले विचारही नाही करावा लागला. हसून म्हटलं, रविवारीही ठोकत बसतात हो लोक. मिस्टर माझ्या समोरच बसले होते. त्यायचा हात कपाजवळ जाऊन थांबला. मग त्यायनं कप उचलला आणि बिलासपूरच्या रस्त्याचं विचारलं, आता किती वेळ लागते म्हणून. आजपर्यंत त्यायनं मले त्या आवाजाचं विचारलं नाही, मी त्यायले सांगितलं नाही. रोज सकाळी डबा देते, संध्याकाळी चहा देते, आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत नाही, दाराकडे तर नाहीच.

किती वेळानं — पाऊण तास असेल. ते लोक गेले, लिफ्टपर्यंत सोडून आली मी, आल्याबरोबर कडी काढली. दार आत ढकललं तर उघडेना. ते दाराले टेकूनच पडले होते. बाकीचं राहू द्या. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी शुद्धीत आले, डॉक्टरनं विचारलं, आजोबा, बंद खोलीत कशी काय घेतली गोरसी, दार उघडं का नाही ठेवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्यायनं तोंड उघडायच्या आधी मी बोलली. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, आजकाल विसरतात ते. डॉक्टर त्यायच्याकडेच पाहत होते, तर बाबा म्हणाले, असेल. मीच लावलं असेल. अडतीस वर्ष स्टेशन मास्तर होते भैया. अडतीस वर्षात एक सिग्नल नाही विसरला त्या माणसानं. आणि माझ्या एका वाक्यानं मानून घेतलं की मी विसरतो. आता विचारतात मले, प्रमोदिनी, माझी गोळी झाली का. झाली बाबा. प्रमोदिनी, आज वार कोणता. पहिले पंचांग तोंडपाठ होतं. लोक आले की मिस्टर हळूच कपाळाजवळ बोट नेऊन दाखवतात, वय झालं म्हणून, आणि बाबा ते पाहतात. मले रोज वाटते, माझ्या खोट्यानं त्यायचं डोकं खरंच गेलं. दवाखान्यातून आले त्या दिवशी धडधाकट होते ते. मी सांगून सांगून त्यायले म्हातारं केलं.

मग सांगून टाका म्हणता. इतकं सोपं असतं तर तुम्हाले कशाले बोलावलं असतं. वैशाखात लग्न आहे स्वरदाचं, याच घरात, याच हॉलमध्ये ठरलेलं. बिलासपूरच्या त्या बाईनं ठक ठक ऐकलं आहे आपल्या कानानं. आज मी विमलाताईले सांगितलं तर उद्या सगळ्या नात्यात होईल, परवा बिलासपूरले पोहोचेल की सासऱ्याले कोंडून आम्हाले पोहे चारत होती. आणि विमलाताई — त्या माझ्या हातचं पाणी नाही पिणार पुन्हा. म्हणून मी म्हटलं, खोली गरम करून देऊ. न सांगताच सगळं ठीक होते का पाहू. बाबा राहतील, लग्न होईल, मशीन चालत राहील. असं नाही का होऊ शकत? — नका सांगू, तुम्ही मशीनवाले, तुमचं काम नाही ते. मी कोणालेच सांगितलं नव्हतं. तुम्हाले काहून सांगितलं ते मले समजत नाही. तुम्ही पहिल्यांदा आले, बसवून जाल, सर्व्हिसिंगले दुसरा कोणी येईल, म्हणून असेल.

चला, किती वाजले. साडेतीन. पाइप कोणत्या भिंतीतून काढता? — पलंगामागून. आणि बाहेरच्या मशीनमधून थंडीत पाणी गळते, त्याची नळी वेगळी, ती खालच्यांच्या बाल्कनीत नको जायले, हो, बरोबर लक्षात आणून दिलं. पलंग ओढावा लागेल तुम्हाले. थांबा, मी धरते या बाजूनं, ट्रंक आहे खाली त्यायची. हळू. हं, एवढा सरकला तरी होईल ना. — काय पडलं? पुडकं आहे कागदाचं. माझं नाही, तुमच्या बॅगेतून पडलं असेल. तुमचं नाही? द्या पाहू.

कडी आहे. नवी. स्टीलची. आणि स्क्रू, चार. — सहा. ही इथं कशी. आम्ही तर कोणी कडी आणली नाही, मिस्टर तर कधी — काय म्हणता? कुठं निशाण? चौकटीवर? मले चष्म्याशिवाय — हो. दिसलं. पेन्सिलचं आहे. आतल्या बाजूनं, पट्टी लावून मारलेल्या फुल्या, चौकटीवर दोन, दारावर चार. सुतार नाही आला हो आमच्याकडे. हे बाबांचं आहे. कॅलेंडरवर दूध आलं-नाही आलं लिहितात ना, ते असंच पट्टी लावून लिहितात, हा त्यायचाच हात आहे.

परवा. परवा बाबा न सांगता बाहेर गेले होते, तुळशीरामले घेऊन, चौकापर्यंत. खोकल्याच्या गोळ्या आणायले गेलो म्हणाले. मी बोलली त्यायले, तुळशीरामच्या समोर बोलली, की बाबा, तुम्ही असे विसरून कुठंही जाल तर आम्ही शोधायचं कुठं. ते ऐकून घेतलं त्यायनं. हात खिशात होता.

थांबा. मले समजू द्या. या खोलीत ते साडेचार वर्षांपासून राहतात, या दाराले आतून कडी नाही हे त्यायच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत आहे. म्हणजे दवाखान्यातही माहीत होतं. मीच लावलं असेल म्हणाले तेव्हा माहीत होतं की लावायले कडीच नाही. विसरले नाहीत ते, एक दिवस विसरले नाहीत. रविवारी विमलाताई येणार, त्या स्टेशन मास्तरची पोट्टी आहेत, आल्याबरोबर दार पाहणार आणि विचारणार की आतून लावलं म्हणते तर कशानं लावलं. ते बाबांच्या डोक्यात आलं. माझ्या नाही आलं. माझं खोटं मजबूत करायले तो एक्याऐंशी वर्षाचा माणूस हार्डवेअरच्या दुकानात जाऊन कडी घेऊन आला, माझ्या शिव्या खाल्ल्या आणि पलंगाच्या मागे लपवून ठेवली, स्क्रू पिळायले कोणी मिळेल तोपर्यंत. आणि ते गोळीचं, ते वाराचं — तेही माझ्यासाठीच विचारत होते का ते? लोकांले खरं वाटावं म्हणून? मले नाही माहीत. देवा. मले हे कसं सहन करायचं ते नाही माहीत.

नका. नका लावू जी. तुमच्याजवळ ड्रिल आहे, दोन मिनिटाचं काम आहे, तुम्ही चांगल्या मनानं म्हणून राहिले, समजते मले. रविवारी विमलाताईले हे दार असंच पाहू द्या. मी उभी राहते दाराजवळ. त्यायनं विचारायच्या आधी मी सांगते. बिलासपूरले कळायचं ते कळो.

ती पलंगाची बाजू सोडा, मी लावते जागेवर. टेप उचला. नाही, कार्ड नको, आहे माझ्याजवळ. मशीनचं बाबांले विचारते आणि मग फोन करते तुम्हाले, खोली त्यायची आहे. या आता. लिफ्ट वर येऊन राहिली.